मॉस्कोहून परतलेल्या फिती आणि बर्लिनचा बीथोवन

डिसेंबर २०१८मध्ये बर्लिन फिलहार्मोनिक या जगप्रसिद्ध वाद्यवृंदाने स्वतःच्याच कंपनीतर्फे २२ तबकड्यांचा एक संच प्रकाशित केला. विल्हेल्म फुर्टवेंगलर यांच्या संचालनाखाली १९३९ ते १९४५ या काळात वाजवलेल्या आणि तत्कालीन जर्मन रेडिओने ध्वनिमुद्रित केलेल्या मैफली त्यात आहेत. बीथोवन, ब्राम्स, ब्रुकनर, शुबर्ट, मोझार्ट अशी पाश्चात्त्य संगीतातली मोठी नावे आणि त्यांच्या सिम्फनी. या मुद्रणांच्या निरनिराळ्या आवृत्त्या त्याआधी अनेक वर्षे बाजारात होत्याच. मात्र या वेळी मूळ फितींकडे परत जाऊन, आजच्या यंत्रांनी त्या पुन्हा वाचून, अत्यंत तपशीलवार डिजिटल स्वरूपात आणल्या गेल्या. व्यापारी भाषेत याला 'हाय-रेझोल्यूशन रिमास्टर' म्हणतात.

मी उर्दू आणि मराठीचा शिक्षक. पाश्चात्त्य संगीताची रीतसर तालीम मला नाही. पण जुना मजकूर नव्या प्रतीत उतरवताना काय टिकते, काय गळते आणि काय नव्याने घुसते, हा प्रश्न माझ्या रोजच्या कामाचा आहे. म्हणून या संचाकडे मी आधी इतिहासाचा दस्तऐवज म्हणून पाहिले आणि मग संगीत म्हणून. ज्या सत्तेने लाखो माणसांना मारले, त्याच सत्तेच्या रेडिओने, तिच्याच पैशाने, तिच्याच प्रचारासाठी ही मुद्रणे केली आणि त्यातले संगीत थक्क करणारे आहे. असा दस्तऐवज 'स्वच्छ' करायचा म्हणजे नेमके काय करायचे?

तबकडीपासून फितीपर्यंत

सिम्फनी म्हणजे साधारण चार भागांची, बहुधा अर्धा तास किंवा त्याहून अधिक चालणारी, साठ-सत्तर किंवा त्याहून अधिक वादकांनी मिळून वाजवायची रचना. ही रचना यंत्रात पकडणे सुरुवातीला जवळजवळ अशक्य होते. लाखेच्या तबकडीच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटांचा मजकूर मावायचा. १९१३मध्ये आर्थर निकिश यांनी याच बर्लिन फिलहार्मोनिककडून बीथोवनची पाचवी सिम्फनी मुद्रित करून घेतली, तेव्हा ती तुकड्यातुकड्यांनीच करावी लागली. वादक एका भोंग्यासमोर दाटीवाटीने बसत आणि वाजवता वाजवता मध्येच थांबत. पुढे मायक्रोफोन आला, आवाज सुधारला, पण चार मिनिटांची कैद तशीच राहिली. घरी ऐकणाऱ्यालाही दर चार मिनिटांनी उठून तबकडी उलटावी लागे.

ही कैद चुंबकीय फितीने मोडली. फ्रिट्झ फ्लॉयमर यांनी १९२८मध्ये अशा फितीचे पेटंट घेतले. १९३५च्या बर्लिन रेडिओ प्रदर्शनात एईजी कंपनीने 'मॅग्नेटोफोन' नावाचे यंत्र मांडले. नोव्हेंबर १९३६मध्ये लुडविग्सहाफेन येथे सर थॉमस बीचम यांच्या संचालनाखाली लंडन फिलहार्मोनिकची मैफल या फितीवर घेण्यात आली. तिच्यात मोझार्टच्या सिम्फनीचा समावेश होता. पण आवाजात खरखर फार होती. १९४०मध्ये जर्मन रेडिओच्या प्रयोगशाळेत वाल्टर वेबर या अभियंत्याच्या लक्षात आले, की मुद्रणाच्या वेळी कानाला ऐकू न येणारा, अतिशय उच्च कंपनांचा विद्युतप्रवाह मिसळला तर ही खरखर कमालीची घटते. ही फीत सेकंदाला ७७ सेंटिमीटर वेगाने धावे. हजार मीटरच्या एका रिळावर साधारण २१-२२ मिनिटे मावत. म्हणजे सिम्फनीचा अख्खा एक भाग, कुठेही न थांबता. दोन यंत्रे आळीपाळीने चालवली की संपूर्ण मैफल.

जगाला याची गंधवार्ता नव्हती. जॅक मुलिन नावाचा अमेरिकी सैन्यातला अभियंता युद्धकाळात इंग्लंडमध्ये रात्री उशिरापर्यंत काम करताना जर्मन रेडिओ ऐकत असे. मध्यरात्र उलटल्यावरही पूर्ण वाद्यवृंद वाजतोय आणि आवाजात तबकडीवरच्या सुईची घरघर नाही, हे त्याला कोडे वाटे. एवढ्या रात्री वादकांना कोण बसवून ठेवते? उत्तर त्याला १९४५मध्ये जर्मनीत, बाड नाउहाइमच्या रेडिओ केंद्रात सापडले. त्याने दोन यंत्रे सुटी करून घरी पाठवली आणि मे १९४६मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्यांचे प्रात्यक्षिक दाखवले. अमेरिकेतला टेप-रेकॉर्डिंगचा उद्योग इथून उभा राहिला. आपल्या घरातला जुना कॅसेट प्लेअरही याच वंशाचा. बर्लिनमधल्या युद्धकालीन सिम्फनी आजही इतक्या जिवंत का वाटतात, याचे पहिले उत्तर हे आहे. त्या काळातले जगातले सर्वांत पुढारलेले ध्वनिमुद्रण तिथे होते.

बर्लिन, मार्च १९४२

दुसरे उत्तर अधिक अवघड आहे. बर्लिन फिलहार्मोनिक ही मुळात वादकांनी स्वतः चालवलेली संस्था. आर्थिक अडचणीत सापडल्यावर नाझी राजवटीत ती सरकारच्या मालकीची झाली आणि गोबेल्सच्या प्रचार मंत्रालयाखाली आली. बदल्यात पगाराची हमी मिळाली आणि पुढे वादकांना सैन्यातली भरतीही माफ झाली. ज्यू वादकांना मात्र जावे लागले. वाद्यवृंदाचे अग्रगण्य व्हायोलिनवादक शिमोन गोल्डबर्ग १९३४मध्ये बाहेर पडले. पुढे १९४२मध्ये ते जावा बेटावर जपान्यांच्या हाती सापडले आणि युद्ध संपेपर्यंत छावणीत राहिले. चेलोवादक योझेफ शूस्टर आणि निकोलाय ग्राउदान, व्हायोलिनवादक गिल्बर्ट बाक हेही गेले.

फुर्टवेंगलर मात्र थांबले. एप्रिल १९३३मध्ये त्यांनी गोबेल्सला जाहीर पत्र लिहून ब्रुनो वाल्टर, क्लेम्पेरर यांच्यासारख्या ज्यू कलावंतांची बाजू घेतली होती. १९३४च्या अखेरीस हिंडेमिथ या संगीतकाराच्या बाजूने लिहिल्यावर त्यांना पदांचे राजीनामे द्यावे लागले. काही महिन्यांनी ते पुन्हा व्यासपीठावर आले. अनेक ज्यू वादकांना त्यांनी मदत केल्याचे नंतरच्या चौकशीत पुढे आले. आणि त्याच वेळी त्यांचे नाव, त्यांची मैफल, त्यांचा बीथोवन हे सारे राजवटीच्या दर्शनी दालनात मांडलेले होते. डिसेंबर १९४६मध्ये बर्लिनमध्ये त्यांची चौकशी होऊन ते निर्दोष ठरले. तरीही १९४९मध्ये शिकागोच्या वाद्यवृंदाने त्यांना बोलावले तेव्हा होरोविट्झ, रुबिनस्टाइन यांच्यासारख्या कलावंतांनी एवढा विरोध केला, की ते निमंत्रण बारगळले. १९५४मध्ये त्यांचे निधन झाले. वाद त्यांच्या मागे राहिला.

या संचातली सर्वांत गाजलेली मैफल मार्च १९४२ची, बर्लिनच्या जुन्या फिलहार्मोनी सभागृहातली. रचना बीथोवनची नववी सिम्फनी, जिच्या अखेरच्या भागात शिलरची मानवी बंधुत्वावरची कविता गायली जाते. ही तारीख इतर तारखांशेजारी ठेवून पाहावी. बर्लिनमधल्या ज्यूंना रेल्वेने पूर्वेकडे पाठवणे ऑक्टोबर १९४१मध्ये सुरू झाले होते. २० जानेवारी १९४२ रोजी याच शहराच्या वान्झे उपनगरात ज्यूंच्या सामूहिक संहाराची प्रशासकीय बैठक झाली. मार्चच्या मध्यावर पोलंडमधली बेल्झेक ही मृत्यूछावणी चालू झाली. त्याच आठवड्यांमध्ये बर्लिनमध्ये गायकवृंद सर्व माणसे भाऊ होतील असे गात होता. पुढच्या महिन्यात, १९ एप्रिलला, हिटलरच्या वाढदिवसाच्या पूर्वसंध्येला हीच सिम्फनी पुन्हा वाजली. मैफलीनंतर गोबेल्स पुढे येऊन फुर्टवेंगलरशी हात मिळवतो, हे चित्रफितीत आजही दिसते.

मार्चच्या मुद्रणात शेवटचा भाग एवढ्या वेगाने आणि त्वेषाने जातो, की तो आनंदाचा उद्गार वाटत नाही. कुणाला त्यात संताप ऐकू येतो, कुणाला भीती, कुणाला निषेध. मी या अर्थांपैकी कुठल्याही एकावर शिक्का मारणार नाही. सूर साक्ष देतात, पण सुरांची उलटतपासणी करता येत नाही.

मॉस्कोतली चार दशके

१९४५च्या मे महिन्यात सोव्हिएत सैन्याने बर्लिनच्या माझुरेनअलेवरील रेडिओ भवनाचा ताबा घेतला. पुढे शहराची वाटणी झाली, हे भवन ब्रिटिश विभागात आले, तरी १९५६पर्यंत सोव्हिएत अधिकाऱ्यांनी ते सोडले नाही. फितींचा मोठा साठा मॉस्कोला गेला. जिंकणाऱ्याने हरणाऱ्याच्या तिजोरीतून केलेली ही उचल होती. अर्थात त्याआधी याच जर्मनीने सोव्हिएत शहरांची काय अवस्था केली होती, तेही विसरता येत नाही.

पुढे सोव्हिएत संघाच्या मेलोदिया कंपनीने या फितींवरून तबकड्या काढल्या. पश्चिम युरोपातल्या संगीतप्रेमींना कुणकुण लागली. प्रवासी, मुत्सद्दी, हौशी संग्राहक यांच्यामार्फत त्या तबकड्या बाहेर येऊ लागल्या आणि साठच्या दशकाच्या अखेरीस लंडनमध्ये त्यांच्यावरून नव्या तबकड्या निघाल्या. म्हणजे फितीवरून फीत, फितीवरून तबकडी, तबकडीवरून पुन्हा फीत, तिच्यावरून पुन्हा तबकडी. प्रत्येक पायरीवर थोडी खरखर वाढली आणि थोडा तपशील गळाला. काही आवृत्त्यांत तर यंत्राचा वेग चुकल्याने अख्खी सिम्फनी मूळ सुरापेक्षा वर चढलेली होती. वर्षानुवर्षे लोक तीच ऐकत होते आणि फुर्टवेंगलरच्या वेगाबद्दल मते बनवत होते.

गोर्बाचेव्ह यांच्या काळात दार उघडले. १९८७मध्ये काही फितींच्या प्रती बर्लिनला मिळाल्या. १९९१च्या सुमारास मूळ फितींचा मोठा साठा परत आला. २०१८चा संच उभा आहे तो या परत आलेल्या साठ्यावर.

नुसखा आणि कातिब

इथे मला माझ्या विषयातले उदाहरण घेऊ द्या. छपाई सोपी होण्यापूर्वी उर्दू पुस्तक कातिबाच्या हातून जात असे. लेखकाचा मूळ नुसखा पाहून कातिब सुवाच्य अक्षरात प्रत उतरवी. उर्दूत एका नुक्त्याने 'दुआ'चा 'दगा' होतो, हे मी मुलांना पहिल्याच आठवड्यात फळ्यावर लिहून दाखवतो. मिर्झा गालिब यांच्या दीवानाची एक आवृत्ती १८६१मध्ये दिल्लीत निघाली. तिच्यात एवढ्या चुका होत्या की गालिब वैतागले. दुरुस्त केलेली प्रत पुढच्या वर्षी कानपूरच्या निजामी छापखान्यातून प्रसिद्ध झाली. गालिब हयात होते म्हणून हे शक्य झाले. जो लेखक हयात नाही, त्याच्या मजकुराचे रक्षण कोण करणार? त्यासाठी एकच नियम आहे. जितके मूळ नुसख्याच्या जवळ जाता येईल तितके जावे, आणि आपल्या हाताची भर घालू नये.

ध्वनिमुद्रणाचा रिमास्टर म्हणजे हेच कातिबाचे काम. मूळ फीत शोधायची. तिच्यावरची धूळ काढायची. फार जुनी असेल तर ती यंत्रावर चालवण्याआधी तुटते का, चिकटते का, हे पाहायचे. वाचणाऱ्या यंत्राचे टोक फितीशी अचूक कोनात आणायचे. वेग तपासायचा. मग डिजिटल प्रत घ्यायची. इथपर्यंतचे काम सचोटीचे आणि कष्टाचे आहे. खरी कसोटी पुढे लागते. खरखर किती काढायची? प्रेक्षकातला खोकला ठेवायचा की पुसायचा? आवाज आजच्या चवीनुसार जाड करायचा का?

या कसोटीवर कंपन्या नापास झाल्याची उदाहरणे आहेत. साठच्या दशकात दोन स्पीकरचा स्टिरिओ आवाज घरोघरी पोचला आणि जुनी एकमार्गी मुद्रणे विकली जाईनात. तेव्हा आरसीए कंपनीने १९६१मध्ये तोस्कानिनी यांची काही मुद्रणे 'इलेक्ट्रॉनिक स्टिरिओ' म्हणून बाजारात आणली. मुळात एकच मार्ग असलेला आवाज फोडून डावी-उजवीकडे वाटून दिला होता. जर्मनीत फुर्टवेंगलरच्या मुद्रणांवरही असेच प्रयोग झाले. एका दिशेने आलेला आवाज दोन दिशांना पांगला, पण त्यात सभागृहाची खरी रुंदी कुठून येणार? पुढे डिजिटल युगात उलटी चूक झाली. संगणकाने खरखर इतकी पुसली, की तिच्यासोबत व्हायोलिनच्या तारेवरचा गजाचा स्पर्श आणि सभागृहाचा श्वासही पुसला गेला. उरलेला आवाज काचेच्या पेटीतल्यासारखा वाटे.

सचोटीचेही उदाहरण आहे. अमेरिकेच्या मर्क्युरी कंपनीने १९५१मध्ये राफाएल कुबेलिक आणि शिकागोच्या वाद्यवृंदाचे मुद्रण फक्त एका मायक्रोफोनने केले. ते ऐकून एका समीक्षकाने केलेल्या कौतुकातून कंपनीला 'लिव्हिंग प्रेझेन्स' हे नाव मिळाले. या मुद्रणमालेमागे अभियंता रॉबर्ट फाइन आणि निर्माती विल्मा कोझार्ट फाइन हे दांपत्य होते. अनेक वर्षांनी ही मुद्रणे सीडीवर आणायची ठरली तेव्हा विल्माबाई स्वतः परत आल्या. मूळ तीन-मार्गी फिती आणि त्या काळचीच उपकरणे वापरून त्यांनी एकेक सीडी आपल्या कानाखालून घातली. मैफलीच्या वेळी त्या सभागृहात हजर होत्या. मूळ आवाज कसा होता हे सांगायला त्यांना पुस्तक उघडावे लागत नव्हते. लेखकाच्या तोंडून मजकूर ऐकलेला कातिब मिळावा, तसे हे भाग्य.

आकड्यांचा बाजार

आता 'हाय-रेझोल्यूशन' या शब्दाकडे वळू, कारण ग्राहकाच्या खिशाचा संबंध इथे येतो. साध्या सीडीत आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात आणि प्रत्येक नमुना १६ बिटांत लिहिला जातो. हाय-रेझोल्यूशनमध्ये सेकंदाला ९६,००० किंवा १,९२,००० नमुने आणि २४ बिट. आकडे मोठे, किंमतही मोठी. पण माणसाचा कान तरुणपणी फार तर २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो आणि सीडी तेवढे टिपते. चाळिशी ओलांडलेल्या माझ्यासारख्याचा कान तर त्याच्या बराच आधी थांबतो. शिवाय १९४२च्या फितीवर मंद आणि मोठ्या आवाजात जेवढे अंतर मावते, त्यापेक्षा कितीतरी अधिक सीडीत सहज मावते.

बॉस्टन परिसरातल्या मेयर आणि मोरन या दोघांनी २००७मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली. हाय-रेझोल्यूशन आवाज आणि तोच आवाज सीडीच्या दर्जावर उतरवून, असे दोन्ही लोकांना ऐकवले. ५५४ प्रयत्नांत २७६ वेळा उत्तर बरोबर आले. म्हणजे छापा-काटा केल्यासारखेच. २०१६मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील जोशुआ रीस यांनी अशा १८ चाचण्या एकत्र तपासल्या. बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के निघाले. फरक आहे असे म्हणता येईल, पण तो किती बारीक आहे हे आकडाच सांगतो. आणि बहुतेक वायरलेस हेडफोन आवाज दाबूनच कानात सोडतात. त्यांवर महागडी फाइल ऐकणे म्हणजे हाती काढलेली कलाकृती झेरॉक्सवर पाहणे.

मग हे नवे संच चांगले का वाटतात? मेयर-मोरन यांनीच एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. महागड्या स्वरूपातली मुद्रणे बहुधा अधिक निगुतीने तयार केलेली होती, म्हणून ती चांगली वाटत. मला यातच सगळे उत्तर दिसते. फायदा नमुन्यांच्या संख्येचा नाही. कुणीतरी मूळ फितीपर्यंत जाण्याचे कष्ट घेतले, वेग तपासला, हात आवरता घेतला, त्याचा आहे. तोच काळजीचा रिमास्टर साध्या सीडीवर मिळाला तर बिनधास्त तोच घ्यावा. मोठ्या आकड्यांचा उपयोग मुख्यतः संग्रहालयाला आहे. फीत दरवर्षी झिजते, तिच्यावरचे चुंबकीय आवरण सुटत जाते. उद्या ती वाचताच आली नाही, तर आज घेतलेली भरपूर तपशिलाची प्रतच मूळ ठरेल.

काय ऐकू येते आणि काय येत नाही

आवाज जसजसा जवळ येतो, तसतसा इतिहासही जवळ येतो. नव्या आवृत्तीत फुर्टवेंगलरच्या मैफलीतला प्रेक्षकांचा खोकला स्पष्ट ऐकू येतो. हिवाळ्यातला, कोळशाच्या टंचाईतला खोकला. खोकणारे कोण होते? रजेवरचे सैनिक, अधिकारी, त्यांच्या बायका, साधे श्रोते. ज्यूंना अशा मैफलींची दारे १९३८पासूनच बंद होती. जानेवारी १९४४मध्ये बॉम्बहल्ल्यात हे सभागृह जळून गेले. त्याच्या भिंतींचा घुमारा आता फक्त या फितींवर आहे. २३ जानेवारी १९४५ रोजी अ‍ॅडमिराल्सपालास्टमध्ये फुर्टवेंगलर यांनी बर्लिनमधली युद्धकाळातली शेवटची मैफल केली. मध्येच वीज गेली. नंतर ब्राम्सची पहिली सिम्फनी झाली, तिचा फक्त अंतिम भाग शिल्लक आहे. चार दिवसांनी सोव्हिएत सैन्य ऑशविट्झच्या फाटकात पोचले.

आणखी एक मुद्रण याच काळातले, मात्र फुर्टवेंगलरचे नाही. वाल्टर गिझेकिंग यांनी बर्लिन रेडिओच्या वाद्यवृंदासह युद्धाच्या अखेरच्या महिन्यांत वाजवलेला बीथोवनचा पाचवा पियानो कॉन्चेर्तो. जर्मन अभियंत्यांनी तो चक्क दोन-मार्गी, खऱ्या स्टिरिओत घेतला. त्यातल्या मंद जागी मागे दूरवर विमानविरोधी तोफांचे धमाके ऐकू येतात. हे धमाके पुसणारा संगणक आज सहज मिळतो. ते पुसले तर संगीत 'शुद्ध' होईल आणि दस्तऐवज खोटा. म्हणून माझे मत असे, की यंत्राची खरखर काढावी, माणसांचा आणि काळाचा आवाज ठेवावा. फितीने स्वतः घातलेली भर ही चूक आहे. सभागृहात जे घडले, तो मजकूर आहे.

पण कितीही बिट वाढवले तरी एक गोष्ट कुठल्याच रिमास्टरमध्ये ऐकू येणार नाही, ती म्हणजे रिकाम्या केलेल्या खुर्च्या. गोल्डबर्गचे व्हायोलिन या २२ तबकड्यांत नाही. शूस्टर, ग्राउदान, बाक नाहीत. जे सभागृहाबाहेर काढले गेले, त्यांचा आवाज त्या सभागृहाच्या फितीवर नसणारच. तो दुसरीकडे शोधावा लागतो, आणि त्यातला एक धागा थेट आपल्या मुंबईत येतो. वाल्टर कॉफमन हे बर्लिनमध्ये शिकलेले ज्यू संगीतकार १९३४मध्ये मुंबईला आले. त्यांनी मेहली मेहता यांच्यासह बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटीत काम केले. १९३७ ते १९४६ या काळात ते आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख होते. आकाशवाणीची ती प्रसिद्ध सिग्नेचर ट्यून, जिच्यावर आपल्या दोन-तीन पिढ्यांची सकाळ उजाडली, तिचे श्रेय सामान्यतः त्यांनाच दिले जाते. बर्लिनचा रेडिओ जगातल्या सर्वोत्तम फितींवर बीथोवन मुद्रित करत होता, त्याच वर्षांत त्या राजवटीला नको असलेला एक माणूस आपल्या रेडिओसाठी राबत होता. इतिहास पूर्ण ऐकायचा तर दोन्ही आवाज शेजारी ठेवले पाहिजेत.

बर्लिन फिलहार्मोनिकने २०१८च्या संचाला सविस्तर ग्रंथ जोडला, त्या काळाबद्दलचे लेख छापले आणि आपले नाव त्यावर घातले. हे योग्य झाले. मूळ फितीइतकाच तो ग्रंथही रिमास्टरचा भाग आहे. नुसता सुंदर आवाज विकला असता तर ऐकणाऱ्याला वाटले असते, की १९४२मध्ये बर्लिनमध्ये फक्त संगीत चालले होते.

माझे विद्यार्थी कधी विचारतात, की वाईट काळात निर्माण झालेली चांगली कला ठेवायची की टाकायची. मी त्यांना सांगतो, ठेवायची, पण तिच्या तारखेसकट ठेवायची. कोणी वाजवले, कोणासाठी वाजवले, कोणाला वाजवू दिले नाही आणि ती फीत कुणाकुणाच्या हातून आपल्यापर्यंत आली, हे सारे तबकडीच्या वेष्टनावर असले पाहिजे. एवढे असेल तर साध्या सीडीवरचा खोकलाही खूप काही सांगून जातो.